पॉइंट आपले, मे महिना सगळ्यांचा

प्रश्न : आम्ही दोघेही शिक्षक. मध्यंतरी एका प्रदर्शनात लकी ड्रॉचे कुपन भरले होते. काही दिवसांनी फोन आला, ‘तुम्हाला बक्षीस लागले आहे, दोघांनी मिळून घ्यायला या.’ गेलो, तर हॉटेलात बसवून दोन तास एका सुट्ट्यांच्या क्लबाची माहिती दिली. चार लाख भरा, पंचवीस वर्षे दरसाल हजार पॉइंट मिळतील, हवे तेव्हा हवे तिथे जा, असे सांगितले. आजच सही केली तर पन्नास हजारांची सूट होती. आम्ही ‘विचार करून सांगतो’ म्हणून उठलो. घरी आल्यावर वडिलांनी विचारले, ‘हाऊ पॉइंट काय शे?’ दोघांपैकी एकालाही नीट सांगता आले नाही. पॉइंट म्हणजे नेमके काय, आणि हे सभासदत्व घ्यावे का?
– एक वाचक, देवपूर, धुळे

उत्तर : वडिलांचा प्रश्न त्या हॉटेलातच कोणी विचारला असता, तर दोन तासांचा कार्यक्रम बराच लांबला असता.

आधी बक्षिसाचे उरकून टाकू. कुपनात नाव, वय, नोकरी, पगाराचा अंदाज, मुले किती, गाडी आहे का, हे सगळे तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून दिलेले असते. ज्या घरांची माहिती कंपनीच्या आखणीत बसते, त्या बहुतेकांना बक्षीस ‘लागते’. नवरा-बायकोने मिळून यायची अट असते, कारण एकटा माणूस ‘घरी विचारतो’ म्हणून निसटतो. तुम्ही दोघे असूनही निसटलात, म्हणजे शाळेत पालकसभा घेण्याचा सराव कामी आला म्हणायचा.

आता मूळ कोडे. चार लाख देऊन तुमच्या हाती काय येते? जागा येत नाही. सातबाऱ्यावर, मिळकत पत्रिकेवर किंवा कंपनीच्या भागधारकांच्या यादीत तुमचे नाव लागत नाही. आपल्याकडच्या बहुतेक योजनांत मिळतो तो वापराचा हक्क : ठरावीक वर्षे, कंपनीच्या नियमांप्रमाणे, तिच्या रिसॉर्टमध्ये काही रात्री राहण्याचा. मुदत संपली की हक्क संपला. पंचवीस वर्षांनी मुद्दल परत मिळेल, अशी समजूत पुष्कळांची असते. करारात तसे स्पष्ट लिहिलेले नसेल, तर ती सोडून द्यावी.

या हक्काचे मोजमाप पूर्वी आठवड्यांत होत असे. टाइमशेअरची कल्पना १९६० च्या दशकात युरोपात रुजली. डोंगरातल्या एका खोलीचे वर्षातले बावन्न आठवडे वेगवेगळ्या कुटुंबांना विकायचे, इतका तो साधा हिशेब होता. तुमचा आठवडा विसावा असेल, तर दरवर्षी विसाव्या आठवड्यात जायचे. भारतात १९८६ साली सुरू झालेल्या स्टर्लिंगने हा प्रकार मध्यमवर्गापर्यंत नेला. १९९६ साली स्थापन झालेल्या महिंद्रा हॉलिडेजने ‘क्लब महिंद्रा’ या नावाने तो घरोघर पोचवला. त्यांच्या पंचवीस वर्षांच्या सभासदत्वात वर्षाला सात रात्री मिळत आणि हंगामांना रंग दिलेले असत : जांभळा सर्वांत महाग, मग लाल, मग पांढरा, आणि निळा सर्वांत स्वस्त. निळा घेणाऱ्याने जांभळ्या हंगामात थेट जायची अपेक्षा ठेवायची नसे, आणि पुढे होणारी बरीच भांडणे नेमकी या अपेक्षेतून होत.

ठरलेल्या आठवड्याची अडचण उघड आहे. त्याच आठवड्यात पुतण्याचे लग्न निघते किंवा मुलाची परीक्षा येते. म्हणून आठवडे मोडून त्यांचे सुटे करण्याची युक्ती निघाली, ते सुटे म्हणजे पॉइंट. अमेरिकेत डिस्नेने १९९१ साली आपला सुट्टी-क्लब काढला, तो मुळातच पॉइंटवर. त्यात तीन रात्री आत्ता, चार रात्री नंतर, अशी मुभा मिळते. ही सोय खरी आहे, ती नाकारायचे कारण नाही. फक्त सोयीबरोबर एक गोष्ट गुपचूप सरकते. तुमच्या हातात आधी ‘एक आठवडा’ होता, आता ‘हजार’ हा आकडा आहे. आठवडा सात दिवसांचाच असतो. हजार पॉइंटांत किती दिवस बसतात, हे मात्र कंपनीचा तक्ता ठरवतो.

वडिलांना सांगायचे तर शाळेच्या आनंदमेळ्याची कुपने आठवा. दारावर शंभर रुपये देऊन कुपने घ्यायची, आत रोख चालत नाही. भेळेला किती कुपने हे आतला ठरवतो, गर्दी वाढली की पाचाची सात करतो, आणि उरलेल्या कुपनांवर घरी येताना भाजी मिळत नाही.

या क्लबातला भेळेचा भाव म्हणजे पॉइंटचा तक्ता. त्यात चार गोष्टी पाहिल्या जातात : रिसॉर्ट कोणते, हंगाम कोणता, खोली केवढी आणि वार कोणता. कंपनीगणिक आकडे बदलतात, म्हणून समजण्यासाठी एक काल्पनिक तक्ता घेऊ. पावसाळ्यात साध्या वारी स्टुडिओ खोली एका रात्रीला ७० पॉइंट, शुक्रवार-शनिवारी १००. मे महिन्यात एक बेडरूमचे घर साध्या वारी २००, शुक्रवार-शनिवारी २५०. आता तुमचे हजार पॉइंट मोजा. पावसाळ्यात पूर्ण आठवड्याला ५५० लागले, पुढच्या आठवड्यातल्या पाच साध्या रात्रींना ३५०, आणि उरलेल्या शंभरात शनिवारची एक रात्र. एकूण तेरा रात्री झाल्या. मे महिन्यात मात्र रविवार ते गुरुवार पाच रात्रींतच हजार संपतात. पूर्ण आठवडा हवा तर दीड हजार लागतील, ते तुमच्याकडे नाहीत.

तेरा आणि पाच या दोन आकड्यांमध्ये सगळा व्यवहार आहे. हॉटेलातल्या पडद्यावर दाखवतात ते तेरा. तुम्ही शिक्षक, तुमची सुट्टी मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत आणि दिवाळीत. तुम्हाला मिळणार ते पाच.

शिवाय खोली केवढी, याकडे लक्ष असू द्या. स्टुडिओत साधारणपणे दोन मोठी माणसे आणि दोन लहान मुले धरलेली असतात. आपल्याकडे फिरायला निघायचे म्हणजे आई-वडील बरोबर, कधी एखादी भाची. सहा माणसांना दोन बेडरूमचे घर किंवा दोन खोल्या लागतात, आणि पॉइंट त्याच हिशेबाने वाढतात. माहिती देणाऱ्याने उदाहरण कोणत्या खोलीचे घेतले होते, ते आठवून पाहा.

आता पुढची समजूत : पॉइंट आहेत म्हणजे खोली आहेच. इथे थोडे गणित करू. एका खोलीच्या वर्षातल्या ३६५ रात्रींतून दुरुस्ती-रंगकामाच्या वगळल्या, तर साडेतीनशे धरा. प्रत्येक कुटुंबाला सात रात्री या हिशेबाने एका खोलीवर पन्नास कुटुंबे बसतात. यात कंपनीने काहीही लबाडी केलेली नाही, एकाही रात्रीची दुबार विक्री नाही. पण मे महिन्यात एका खोलीत सात-सात रात्रींची चारच कुटुंबे मावतात. दिवाळी आणि नाताळ धरले तरी सात-आठ. पन्नासांपैकी मुलांच्या शाळेला बांधलेली कुटुंबे किती असतील? निम्मी धरली तरी सात-आठ जागांसाठी पंचवीस जण उभे आहेत. भुसावळ पंचेचाळीस अंशांवर तापलेले असते, तेव्हा एकट्या खानदेशालाच नव्हे, नागपूर-अकोल्यालाही महाबळेश्वर आठवते.

मे महिन्यातले भरमसाट पॉइंट याच रांगेतून येतात. ज्याला मेमध्ये जायचे आहे, त्याने जास्त मोजावे, म्हणजे काही जण आपोआप जून-जुलैकडे वळतील. एवढे करूनही रांग उरते, ती बुकिंगच्या खिडकीवर. प्रत्येक योजनेत प्रवासाच्या अमुक महिने आधी बुकिंग उघडते आणि कोणत्या वर्गाच्या सभासदाला आधी उघडते, याचे नियम असतात. खिडकी उघडते त्या दिवशी जो बसला, त्याला खोली मिळते. एप्रिलमध्ये परीक्षेचे पेपर तपासून झाल्यावर सावकाश पाहू म्हणणाऱ्याला मिळत नाही. ‘क्लबवाल्यांनी फसवले, खोलीच देत नाहीत’ या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा हे गणित असते. मात्र विकताना ‘कधीही, कुठेही’ म्हणायचे आणि नंतर नियमांवर बोट ठेवायचे, याला प्रामाणिकपणा म्हणवत नाही.

पैशांकडे येऊ. चार लाखांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७२ हजार. एकूण ४ लाख ७२ हजार. याखेरीज दरवर्षी देखभालीचे शुल्क असते, ज्याला ते एएसएफ किंवा एएमसी म्हणतात. ते वीस हजार धरले, तर जीएसटीसह २३,६०० होते. बहुतेक करारांत हे शुल्क तुम्ही त्या वर्षी गेलात काय, न गेलात काय, भरावेच लागते. थकले तर बुकिंग बंद होते.

आता चार लाख बहात्तर हजारांची एक वेगळी वाट पाहू. ते बँकेत सात टक्क्यांनी ठेवून, पंचवीस वर्षांत मुद्दलासकट संपतील अशा बेताने दरवर्षी सारखी रक्कम काढली, तर वर्षाला सुमारे ४०,५०० रुपये येतात. व्याजावरचा प्राप्तिकर इथे सोडून दिला आहे. म्हणजे सभासदत्वाचा खरा वार्षिक खर्च पहिल्याच वर्षी ४०,५०० अधिक २३,६००, असा ६४ हजारांच्या घरात जातो. पावसाळ्यातल्या तेरा रात्रींना भागले, तर रात्रीला ४,९०० रुपये पडतात. मे महिन्यातल्या पाच रात्रींना भागले, तर १२,८००. यात जेवण नाही, रिसॉर्टपर्यंतची टॅक्सी नाही, धुळ्याहून मनमाडला किंवा चाळीसगावला जाऊन गाडी पकडण्याचा खर्च नाही. बहुतेक रिसॉर्ट गावापासून लांब असतात, म्हणजे जेवायला दुसरीकडे जाणेही सोपे नसते.

विक्रेत्याचे एक म्हणणे खरे आहे. हॉटेलांचे दर दरवर्षी वाढतात, आणि तुमच्या प्रवेशशुल्काचा भाग आजच्या भावात गोठतो. पण गोठतो तो तेवढाच. वार्षिक शुल्क वाढत राहते. ते दरसाल ६ टक्क्यांनी वाढले असे मानले, तर पंचविसाव्या वर्षी २३,६०० चे सुमारे ९५ हजार झालेले असतात, आणि पंचवीस वर्षांत भरलेल्या शुल्काची बेरीज तेरा लाखांजवळ पोचते. चार लाखांची घासाघीस आपण दोन तास करतो आणि तेरा लाखांबद्दल एक ओळही विचारत नाही. म्हणून करारात शुल्कवाढीचे सूत्र शोधा : महागाई निर्देशांकाला बांधले आहे का, वाढीला वरची मर्यादा आहे का, की ‘कंपनी ठरवील त्याप्रमाणे’ एवढ्यावरच भागवले आहे.

तसाच शोध पॉइंटच्या तक्त्याबद्दल घ्यावा. तक्ता बदलायचा अधिकार कंपनीकडे असेल, तर आज पाच रात्री देणारे हजार पॉइंट दहा वर्षांनी चारच रात्री देऊ शकतात, आणि तुमच्या खात्यावर हजारच दिसत राहतील. न वापरलेले पॉइंट किती काळ टिकतात, पुढच्या वर्षी किती नेता येतात, पुढच्या वर्षीचे उसने घेता येतात का, आयत्या वेळी बुकिंग रद्द केले तर किती बुडतात, हेही त्याच पानांवर असते.

परदेशी रिसॉर्टच्या फोटोंनी फार हुरळून जाऊ नये. ती सोय बहुधा अदलाबदलीच्या संस्थेमार्फत असते. त्यांतली सर्वांत जुनी आरसीआय, १९७४ साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला सुरू झालेली. आपले दिवस तिच्या साठ्यात जमा करायचे आणि दुसऱ्याचे घ्यायचे. व्यवस्था चांगली आहे, पण तिचे सभासद शुल्क वेगळे, प्रत्येक अदलाबदलीचे शुल्क वेगळे, आणि विमानाचे तिकीट आपले.

राहिली ‘आजच सही’ची सूट. अशी सूट सहसा उद्याही असते, फक्त उद्या तुम्ही फोन करायला हवा. युरोपीय संघाने २००८ साली केलेल्या नियमांप्रमाणे टाइमशेअर घेणाऱ्याला चौदा दिवसांत कारण न देता करार रद्द करता येतो, आणि त्या चौदा दिवसांत विक्रेत्याला पैसेही घेता येत नाहीत. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. काही कंपन्या आपल्या करारात दहा दिवसांसारखी फेरविचाराची मुदत देतात. ती आहे का, कोणत्या दिवसापासून मोजायची, परत देताना किती कापणार, हे वाचूनच सही करायची असते. पैसे हप्त्याने देणार असाल, तर कर्ज क्लबाचे की वित्त कंपनीचे, हेही पाहा. कर्ज वित्त कंपनीचे असेल, तर क्लबाशी भांडण झाले तरी बँकेतून हप्ता कापला जाण्याची शक्यता असते.

तुमच्या बाबतीत माझे मत विचाराल, तर घेऊ नका. सुट्टी शाळेच्या वेळापत्रकाला बांधलेली आहे, तोवर पॉइंटची लवचीकता तुमच्या उपयोगाची नाही, आणि लवचीकतेचीच किंमत तुम्ही मोजणार आहात. तरीही मन होत असेल, तर त्या कंपनीच्या तक्त्यात तुमच्या कुटुंबाला पुरेल अशा घराचे मे महिन्यातले पॉइंट पाहा, वरच्यासारखा भागाकार करा, आणि त्याच गावातल्या चांगल्या हॉटेलाचा मे महिन्याचा दर शेजारी लिहा. गेली दोन-तीन वर्षे दरवर्षी अशा रिसॉर्टमध्ये खरोखर राहिला असता का, याचेही उत्तर स्वतःला द्या. तक्ता आणि नियमांची पुस्तिका घरी न्यायला देत नसतील, तर भागाकाराची गरज उरली नाही.

प्रश्न : मी भुसावळचा, रेल्वेतून निवृत्त झालो. वेळच वेळ आहे, पासही आहे. एक मित्र म्हणतो, सुट्ट्यांच्या क्लबात पैसे घातले की फिरणेही होते आणि नाही फिरलो तर व्याजासकट पैसे परत. हे जमण्यासारखे आहे का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि दोन्हींची उत्तरे उलट आहेत.

फिरण्यापुरते बोलायचे, तर पॉइंटची योजना तुमच्यासारख्याच माणसाला परवडते. मेची रांग तुम्हाला लागू नाही. पावसाळ्यात किंवा इतर कमी गर्दीच्या दिवसांत, सोमवारी जाऊन शुक्रवारी परतणाऱ्याला त्याच पॉइंटांत दुपटी-अडीचपटीने रात्री मिळतात. भुसावळहून गोवा एक्स्प्रेसने गोव्याला किंवा मंगला एक्स्प्रेसने केरळला जायचे, तर प्रवासखर्चाची काळजीही कमी. मग अडते कुठे? मुदतीत. एकसष्टाव्या वर्षी पंचवीस वर्षांचे सभासदत्व घेतले, तर ते शहाऐंशीव्या वर्षी संपेल. तोवर वार्षिक शुल्क चालू राहील आणि तुमचे फिरणे कदाचित घर ते अष्टभुजा मंदिर एवढे उरेल. पन्नाशीपुढच्यांसाठी कमी मुदतीच्या योजना निघाल्या आहेत. क्लब महिंद्राची ‘ब्लिस’ ही दहा वर्षांची योजना पॉइंटवरच चालते. मुदत कमी घ्या, आणि तुमच्यानंतर मुलांना हक्क कसा मिळतो व ते शुल्काला बांधले जातात का, तेवढे विचारा. कमी गर्दीच्या दिवसांत हॉटेलवालेही स्वतःहून दर उतरवतात. तेव्हा क्लबाचा हिशेब त्या उतरलेल्या दराशी लावायचा, मे महिन्याच्या दराशी नाही.

मित्राचे दुसरे वाक्य मात्र मला फार ओळखीचे वाटते. ‘राहिलात तर खोली, नाही राहिलात तर वाढीव पैसे’, या वचनावर मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज लिमिटेडने महाराष्ट्रभर आणि बाहेरही एजंटांमार्फत पैसे गोळा केले. कागदावर विक्री ‘रूम नाइट्स’ची होती, म्हणजे हॉटेलातल्या रात्रींची. रात्री वापरल्या नाहीत तर मुदतीअखेर परतावा मिळायचा होता. घेणाऱ्यांतल्या बहुतेकांना खोलीशी देणेघेणे नव्हते, डोळा परताव्यावर होता. भांडवल बाजाराची नियामक संस्था सेबी हिने फेब्रुवारी २०१६ मधल्या आदेशात हे सुट्टीची विक्री म्हणून मानले नाही, ती विनानोंदणीची सामूहिक गुंतवणूक योजना ठरवली. तोवर ५१ लाखांहून जास्त लोकांकडून ७,०३५ कोटी रुपये गोळा झाले होते. पैसे परत करण्याचा आदेश झाला, आणि आदेश होणे व पैसे हातात पडणे यांत केवढे अंतर असते, हे पतसंस्थांचा अनुभव घेतलेल्या जळगावकराला सांगायला नको.

तेव्हा खूण अशी धरा. जो क्लब फक्त राहण्याचा हक्क विकतो, त्याच्याशी तुमचा वाद झाला तर खोलीवरून होईल. जो क्लब न राहण्याबद्दल परतावा देऊ करतो, त्याची सेबीकडे तशी नोंदणी आहे का, ते आधी विचारा. ‘आम्हाला लागत नाही’ असे उत्तर आले, तर मित्रालाही जाऊ देऊ नका.

प्रश्न : वडिलांनी पूर्वी एका हॉलिडे क्लबाचे सभासदत्व घेतले होते, आता वापर होत नाही. फोन येतो की तुमचे सभासदत्व सहा लाखांना घेणारा गिऱ्हाईक तयार आहे, फक्त फाइलचा खर्च आणि जीएसटी आधी भरा. भरू का? आणि क्लबाविरुद्ध तक्रार करायची तर मुंबई-चेन्नईला जावे लागते का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : भरू नका. वापरलेल्या सभासदत्वाला बाजारात फारसे गिऱ्हाईक नसते. नवीन घेणारा कंपनीकडून सूट आणि भेटवस्तूंसह घेऊ शकत असेल, तर तुमचे जुने, मुदत खाल्लेले सभासदत्व तो जास्त पैसे देऊन कशाला घेईल? फोन करणाऱ्याकडे वडिलांचे नाव आणि सभासद क्रमांक असतो, म्हणून तो खरा वाटतो. अशा याद्या बाहेर फिरत असतात. खऱ्या गिऱ्हाइकाकडून दलाली कापून घेता येते, ती आगाऊ मागावी लागत नाही. हस्तांतर करायचेच असेल, तर मूळ कंपनीला लेखी विचारा की परवानगी आहे का आणि तिचे हस्तांतर शुल्क किती. पैसे आधीच गेले असतील, तर सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा क्रमांक ताबडतोब लावा.

वापरायचेच नसेल, तर थकलेल्या शुल्काचे काय, हे पत्र लिहून विचारा आणि सभासदत्व सोडण्याची इच्छा लेखी कळवा. नुसते फोन उचलणे बंद केल्याने करार संपत नाही.

तक्रारीसाठी मुंबई-चेन्नई करावी लागत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. म्हणजे अमळनेरकराने जळगावला, शिरपूरकराने धुळ्याला. मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत तक्रारीला शुल्क नाही. करारात ‘वाद लवादाकडेच नेला जाईल’ असे कलम असले, तरी त्यामुळे ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात २०१८ साली स्पष्ट केले आहे. आयोगापुढे तोंडी वचनांना फारसे वजन नसते. ‘कधीही, कुठेही’ म्हणणाऱ्याकडून तेच वाक्य ई-मेलवर किंवा व्हॉट्सॲपवर मागून घेतलेले असेल, तर मात्र ते कामी येते. खोली नाकारल्याचे प्रत्येक उत्तर तारखेसह जपून ठेवा.

आधी सल्ला हवा असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आयोगाकडे जायचे असल्यास तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते, तेव्हा वडिलांच्या कागदांवरच्या तारखा आजच पाहून घ्या.